वरच्या बांधीची बाटली

फ्रान्समधल्या एका शेतकऱ्यावर माझ्यामुळे लबाडीचा आळ आला. त्या शेतकऱ्याला मी कधी पाहिलं नाही. त्याचा धाकटा भाऊ मात्र जवळजवळ वर्षभर माझा साहेब होता, आणि आळ घेणाराही तोच. खरं काय झालं हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहून ठेवतो. अडचण अशी की लिहायला बसलो की आधी त्या साहेबाचं हसूच आठवतं. तेव्हा तेही लिहावं लागेल.

चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. वैनगंगेपलीकडे, जंगलाच्या तोंडाशी एका लाकूड कंपनीनं नवी गिरणी टाकली होती. सागाचा ओंडका गरगर फिरवत त्याचा कागदासारखा पापुद्रा सोलणारं यंत्र फ्रान्सहून आलं, आणि ते बसवून द्यायला त्याच्यामागोमाग हा साहेब आला. मी मॅट्रिक झालो होतो आणि बऱ्यापैकी इंग्रजी बोलत होतो, म्हणून कंपनीनं मला त्याचा दुभाष्या नेमलं. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं. त्यामुळे दोघांपैकी कोणालाच लाज वाटायची नाही.

चाळिशीचा, उंच, खांद्यातून वाकलेला माणूस. आमच्या उन्हानं त्याच्या नाकाची साल सतत निघायची आणि तो तिच्यावर खोबरेल तेल चोपडून हिंडायचा. त्या नाकाचा त्याला फार उपयोग होता. पीठ, लोणच्याची बरणी, ओलं गोणपाट, माझ्या डोक्याचं तेल, सगळ्याला तो आधी नाक लावायचा. स्वयंपाकाला जवळच्या गावातल्या एक वयस्क बाई होत्या. त्यांना ते मुळीच पटत नसे.

"बाबू, विचार त्याले," त्या मला म्हणाल्या, "माह्या वरणात मेलेलं उंदीर पडलं का? काऊन असा हुंगून राह्यला?"

मी सांगितलं. साहेब पोट धरून हसला. म्हणाला, "बाईंना सांग, आमच्या गावात सगळे असेच हुंगतात. पाद्रीसुद्धा."

त्याचं गाव फ्रान्सच्या द्राक्षांच्या मुलखात होतं. तो मुलूख आपण बरगंडी म्हणतो, तो 'बुर्गोन्य' म्हणायचा, ओठांचा चंबू करून. तिथं घराघरांत द्राक्षांची वाइन होते. त्यानं पेंढ्यात बांधलेली एक पेटी बोटीतून, रेल्वेतून आणि शेवटी बैलबंडीतून आणली होती. तीत एक डझन बाटल्या होत्या. दहा रोजच्या पिण्याच्या. दोन मात्र त्यानं पहिल्याच दिवशी वेगळ्या काढून मला दाखवल्या. सगळ्या बाटल्या सारख्याच हिरव्या, तोंडाला सारखंच तांबडं मेण. फरक फक्त कागदाच्या चिठ्ठीत. या दोन चिठ्ठ्यांवर छापील मजकुराखाली निळ्या शाईनं एक ओळ लिहिलेली होती.

"माझ्या भावाचं अक्षर," तो म्हणाला. "आणि आत आहे ते माझ्या वडिलांच्या हातचं. शेवटच्या वर्षाचं."

वडील वारल्यावर दोघा भावांत वाटणीवरून बिनसलं होतं. त्यांच्याकडे कायद्यानं प्रत्येक मुलाला सारखा हिस्सा, त्यामुळे वावराचे पिढ्यान्‌पिढ्या तुकडे पडत जातात. वडिलांच्या सर्वांत चांगल्या वावरातल्या काही ओळी याच्या वाट्याला आल्या. ओळी म्हणजे वेलींच्या ओळी. त्या कसायच्या मोठ्या भावानं. वडिलांच्या हातच्या बाटल्या तळघरात होत्या, त्या संपल्या असं मोठा भाऊ म्हणाला आणि यानं ते खरं मानलं नाही. दोन वर्षं बोलणं बंद. मग हा हिंदुस्थानात यायला निघाला, तेव्हा भाऊ स्वतः स्टेशनवर या दोन बाटल्या घेऊन आला. "खरंच शेवटच्या," म्हणाला. तिथं फलाटावर दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले.

"यंत्रातून पहिला अखंड पापुद्रा निघेल त्या दिवशी उघडू," साहेब म्हणाला. "मला वडिलांना एकदा जिभेवर भेटायचं आहे."

आमच्या घरात दारूचं नावसुद्धा निघत नसे. मी आईला कळवून टाकलं की साहेब मला द्राक्षांचा काढा देतो, तब्येतीला चांगला असतो. पहिला घोट कच्च्या टेंभरासारखा, म्हणजे तेंदूच्या फळासारखा, लागला. तोंड आवळून आलं. मी थुंकायला उठलो तर त्यानं माझा दंड धरला. "थांब. गिळ आणि थांब. ती अजून बोलायची आहे." मी थांबलो. थोड्या वेळानं जांभूळ खाल्ल्यावर राहते तशी चव जिभेच्या कडेला आली. मी तसं म्हटलं. तर हा माणूस धावत जाऊन बाईंना सांगून आला, मराठीत, "जांभूळ! जांभूळ!" बाईंना वाटलं, त्याला जांभळं पाहिजेत. जांभळांना अजून दहा महिने होते.

त्यानंतर संध्याकाळी काम आटोपलं की आमची शाळा भरायची. त्यानं शिकवलं ते असं. तिकडे तांबडी वाइन एकाच जातीच्या द्राक्षाची करतात आणि पांढरी दुसऱ्या एका जातीची. त्यामुळे चिठ्ठीवर द्राक्षाचं नाव लिहीत नाहीत, जमिनीचं लिहितात. सगळ्यांत साध्या बाटलीवर नुसतं मुलखाचं नाव. त्याहून बरी असेल तर गावाचं. त्याहून चांगली असेल तर गावासोबत वावराचं. आणि काही थोडी वावरं अशी की त्यांचं नाव लिहिलं की गावाचं लिहायची गरजच राहत नाही. शिवाय एका वावराचे मालक दहा-वीस. म्हणून वावर कळून पुरत नाही, कोणाच्या हातचं तेही कळावं लागतं.

"पण दोन वावरांच्या मधे फक्त एक रस्ता असला तरी चव बदलते?" मी विचारलं.

तो मला उठवून बंगल्यामागच्या धानाच्या शेतात घेऊन गेला. धान कापून झालं होतं. आमच्याकडे धानाच्या बंधारलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात. उतारावर पायऱ्यांसारख्या एकाखाली एक बांध्या असतात. साहेब वरच्या बांधीत उकिडवा बसला, ढेकूळ फोडलं, हुंगलं आणि चिमूटभर माती तोंडात टाकली. मग खालच्या बांधीत उतरून तेच केलं. मलाही करायला लावलं. धुऱ्यावरून चाललेल्या दोन बाया डोक्यावरचे भारे सांभाळत थांबून पाहत राहिल्या.

"वरची कोरडी, दगडाळ," तो म्हणाला. "वेलीला पाण्यासाठी खोल जावं लागतं, म्हणून द्राक्षं थोडी येतात पण त्यांना काही सांगायचं असतं. खालच्या सपाटीवर पाणी साचतं, द्राक्षं भरपूर, चव पुचाट. आमचं चांगलं वावर उताराच्या मध्यावर असतं, उगवत्या सूर्याकडे तोंड करून. वडिलांचं तसं आहे. ते वरची बांधी. बाकीच्या बाटल्या खालच्या बांधीच्या."

रात्रीच्या जेवणाला मी हे बाईंना सांगितलं. त्या पोळी लाटायच्या थांबल्या.

"खालची बांधी खराब न् वरची चांगली? येडा झाला का तो? वरच्या बांधीत तं धान वाळून जाते. माह्या सासऱ्यानं वरची दिली होती तं मी वर्षभर त्याच्याशी बोलली नाई."

आमचा चौकीदार गोंड होता, जंगलातल्या गावचा, कमी बोलणारा. तो चुलीजवळ बसून ऐकत होता. तो म्हणाला, "नाई बाई, मोहाचंही तसंच हाये. देवाले वाहाची ते डोंगरीवरच्या झाडाच्या फुलाची. नाल्यावरच्या झाडाची घरी प्याले." पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं दोन्ही प्रकारची मोहाची दारू आणून साहेबासमोर ठेवली. साहेबानं दोन्ही चाखल्या, डोंगरीवरची कोणती ते चुकीचं सांगितलं, आणि चौकीदाराला इतका आनंद झाला की तो महिनाभर ती गोष्ट सांगत होता.

मार्च सरत आला आणि यंत्राचा एक दांडा तुटला. नवा आणायला साहेबाला मुंबईला जावं लागलं. निघताना त्यानं मला पेटीपाशी नेलं. निम्म्या बाटल्या पिऊन झाल्या होत्या. उरलेल्या सहांत वडिलांच्या दोन.

"वीस दिवस लागतील. उन्हाळा चढतोय. यांना थंड ठेव, अंधारात ठेव, आडव्या ठेव. बाकी काही करू नकोस."

चांद्याचा उन्हाळा काय असतो ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. आठवड्यातच बंगल्याच्या भिंती हाताला चटका देऊ लागल्या. थंड ठेव म्हटल्यावर आमच्याकडचा कोणीही जे करील तेच मी केलं. प्रत्येक घरात रांजणाखाली ओल्या वाळूचा थर असतो. विड्याची पानं, सांबार म्हणजे कोथिंबीर, लिंबं तिथंच टिकतात. घरात त्याहून थंड जागा नाही. मी रांजणाशेजारी वाळूचा वाफा केला, सहाही बाटल्या आडव्या पुरल्या आणि सकाळ-संध्याकाळ वरून पाणी शिंपडत राहिलो. फार मनापासून शिंपडलं. वाळूत हात घालून पाहिला की गारवा लागायचा आणि मला साहेबाची शाबासकी ऐकू यायची.

तो यायच्या दोन दिवस आधी बाटल्या वर काढल्या. सहांपैकी एकीवरही चिठ्ठी नव्हती. चिठ्ठ्या वाळूत सुटून पडल्या होत्या. काही बाटल्यांच्या अंगाखाली, काही दोन बाटल्यांच्या मधे एकीला एक चिकटून. निळी शाई पसरली होती, पण ओळ वाचता येत होती.

मी ओट्यावर बसून राहिलो. बाई धावत आल्या.

"मंग का झालं? दारू तं आतच हाये न?"

"बाई, कोणती कुठली ते कसं कळणार?"

"त्याले सांगून दे. तो का खाते तुले? पाण्यानं कागद निघाला, तुवा का मुद्दाम काढला?"

चौकीदारही तेच म्हणाला. मी दोघांना गप्प राहायला सांगितलं. मग बाटल्या एकेक करून उन्हात धरल्या, काही फरक दिसतो का ते पाहायला. दोघींच्या तळाशी काळपट गाळ होता. चार अगदी स्वच्छ होत्या, माणकासारख्या. मी मनाशी हिशेब केला की गाळाची ती हलकी, निवळ ती भारी. तेल असो, तूप असो, काकवी असो, मी जन्मभर हेच पाहत आलो होतो. भाताची खळ केली आणि निळ्या ओळीच्या दोन चिठ्ठ्या दोन स्वच्छ बाटल्यांवर लावल्या. गाळाच्या बाटल्यांवर खालच्या बांधीच्या.

साहेब आला, बाटल्यांवरून हात फिरवला. चिठ्ठ्यांच्या सुरकुत्या त्याच्या बोटांना लागल्या.

"थोडी ओल लागली," मी म्हणालो. "कडा सुटल्या होत्या. चिकटवल्या."

"शाबास," तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

एप्रिलच्या शेवटी यंत्र चाललं. सागाचा पहिला पापुद्रा सुटला तो लुगड्याच्या घडीसारखा उलगडत सगळ्या गिरणीभर गेला आणि मजूर टाळ्या पिटू लागले. दुपारी साहेबानं माझ्या देखत मॅनेजरला सांगितलं की या मुलाला पक्क्या नोकरीत घ्या. मॅनेजर हो म्हणाला. माझ्या घरात तोवर कोणाला पक्की नोकरी नव्हती.

संध्याकाळी बंगल्याच्या ओसरीवर मॅनेजर आणि जंगल खात्याचे एक अधिकारी आले. साहेबानं निळ्या ओळीची एक बाटली आणली. मेण फोडलं, बूच काढलं, आणि बाटलीच्या मानेमागे कंदील धरून अगदी हळू ओतू लागला.

"असं का करता?" मी विचारलं.

"गाळासाठी. जुन्या चांगल्या वाइनला तळाशी गाळ बसतो. तो पेल्यात येऊ द्यायचा नाही. गाळ दिसला की थांबायचं."

मी बाटलीच्या तळाकडे पाहिलं. तो ओतत राहिला, कंदिलाच्या उजेडात पाहत राहिला, बाटली पार रिकामी झाली. गाळ आला नाही. त्यानं पेला हुंगला, घोट घेतला, तोंडात धरला. मला वाटलं, चूक कळूच नये. मॅनेजर एका दमात पेला संपवून "फर्स्ट क्लास!" म्हणाले आणि बर्फ आहे का विचारू लागले. साहेब आत गेला आणि दुसरी बाटली घेऊन आला. तीही निवळ. तिचाही एकच घोट त्यानं घेतला.

पाहुणे गेल्यावर तो पायरीवर बसला.

"खालच्या बांधीचं आहे," तो म्हणाला. "दोन्ही. यंदा-गेल्या वर्षाचं. त्यानं वडिलांच्या बाटल्या विकून टाकल्या असत्या तरी मी माफ केलं असतं. स्टेशनवर माझ्या गळ्यात पडून रडला तो! हातात ह्या बाटल्या धरून!"

"हवेनं बिघडली असेल," मी म्हणालो.

"हवेनं वाइन बिघडते. गाळ कुठं जाईल?" मग म्हणाला, "फ्रान्सला उतरलो की माझ्या ओळी विकतो. त्याला नाही. गावात एक व्यापारी आहे, तो कधीचा मागतोय. वडिलांच्या वावरात परक्याचा घोडा नांगराला चालू दे, मोठ्याच्या डोळ्यांसमोर."

मी समोर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. दुपारचा मॅनेजरचा 'हो' माझ्या कानात होता आणि साहेबाचा 'शाबास' पाठीवर होता. बोललो नाही. सकाळी सांगू असं ठरवलं. सकाळी तो सामान बांधत होता, मग निरोपाचे हार आले, मग बैलबंडी आली. उरलेल्या चार बाटल्या त्यानं माझ्याकडे दिल्या. "उजळणी कर," म्हणाला. "तुझी जीभ चांगली आहे. माझ्या भावापेक्षा खरी." बाईंनी त्याला वाटेसाठी सांबारवडी बांधून दिली. त्यानं ती आधी हुंगली, आणि बाई पदरानं डोळे पुसत हसल्या.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी मी गाळाची एक बाटली काढली. बाई होत्या, चौकीदार होता. मागच्या अंगणात बाजेवर बसलो. कंदील धरायचं मला सुचलं. हळू ओतलं, गाळ मानेपर्यंत आला तेव्हा थांबलो. पितळी पेल्यांत रंग कळेना, म्हणून फक्त हुंगलं.

त्या वासाला मी आधी काही नाव देऊ शकलो नाही. पावसाळ्यात सागाखालचा कुजलेला पाला उचलला की येतो तसा, वारुळावर उगवणाऱ्या सात्यांचा, म्हणजे अळंब्यांचा, आणि त्यातून फार लांबून जांभळाचा. घोट घेतला. आधीच्या सगळ्या बाटल्या माझ्याशी एकेक शब्द बोलल्या होत्या. ही थांबतच नव्हती. गिळून झाल्यावरही चव पुढं पुढं जात राहिली, मऊ, आणि कुठंतरी दगडासारखी. वर्षभर साहेब काय सांगत होता ते मला त्या घोटात सगळं समजलं. वरची बांधी म्हणजे काय ते समजलं. कोणाच्या हातचं म्हणजे काय तेही.

बाईंनी पेला खाली ठेवला. "हे काही येगळंच हाये रे बाबू. आंबट नाई." मग माझ्याकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "हेच होतं न त्याच्या बापाचं?"

चौकीदारानं बोटानं थोडी जमिनीवर सांडली, त्यांच्याकडे मेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी सांडतात तशी. कोणासाठी, ते त्याला सांगावं लागलं नाही. आम्ही ती बाटली तिघांनी संपवली. सोबत वाळलेले झिंगे होते. ज्याच्यासाठी ती होती त्याच्या तोंडी एक थेंब गेला नाही. मोठ्या भावानं दिलेल्या दोन्ही बाटल्या खऱ्या होत्या. तो स्टेशनवर खरंच रडला होता.

साहेबाची बोट सुटायला अजून आठवडा होता. मुंबईच्या हॉटेलचा पत्ता माझ्याकडे होता. बाई म्हणाल्या, "तार कर. आत्ताच्या आत्ता जा." सकाळच्या मोटारीनं मी चांद्याला गेलो. तार ऑफिसात फॉर्म घेतला आणि इंग्रजीत लिहिलं की चिठ्ठ्या मी चुकवल्या, भाऊ खरा आहे. पुन्हा वाचलं. ही तार हॉटेलातला कारकून वाचेल. साहेब चिडून मॅनेजरला कळवेल. दोन गाळाच्या बाटल्या होत्या आणि त्यातली एक आम्ही पिऊन टाकली, हे कसं सांगायचं? मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि दुसरा मागितला.

तारबाबू म्हातारे होते. माझी घालमेल पाहून म्हणाले, "शुभेच्छाच द्यायच्या असतील तर तयार वाक्यं आहेत. स्वस्त पडतं." भिंतीवर लावलेला तक्ता त्यांनी दाखवला. त्यात सुखाच्या प्रवासाचं एक होतं. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

बाईंना सांगितलं की तार केली. ते खोटं नव्हतं.

राहिलेली दुसरी गाळाची बाटली मी साहेबासाठी जपून ठेवायची असं ठरवलं. दोन उन्हाळ्यांत तिचं बूच आपोआप वर आलं आणि आतलं आंबून गेलं. त्याआधीच, पावसाळा संपता संपता, फ्रान्सहून एक चित्राचं कार्ड आलं होतं. चित्रात उतारावरच्या वेली होत्या. मागे त्यानं लिहिलं होतं की तुझी तार बोटीवर चढताना मिळाली, फार बरं वाटलं; मी ओळी विकल्या, मोठा भाऊ दाराशी आला होता पण मी भेटलो नाही; यंत्र कसं चालतं ते कळव.

मी उत्तर पाठवलं. यंत्र चांगलं चालतं, असं लिहिलं.